दुकानाची पाटी आणि आपले मौन

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एक नवे हॉटेल सुरू झाले. त्याचे नाव होते 'हिटलर्स क्रॉस'. आत हिटलरचे भले मोठे चित्र होते आणि सोबत नाझींचे स्वस्तिक. मालकाचे म्हणणे असे की, आपल्याला इतरांपेक्षा काही तरी वेगळे करायचे होते आणि हे नाव लोकांच्या लक्षात राहील. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला, परदेशांतूनही निषेधाचे सूर उमटले आणि आठवड्याभरातच नाव बदलण्याचे ठरले. पाटी उतरली, प्रकरण मिटले.

आम्ही तेव्हा अकरावीत होतो. वर्तमानपत्रातील ही बातमी वाचून आम्ही मित्र मित्र चक्क हसलो होतो. आमच्या दृष्टीने हिटलर म्हणजे फार तर एखादा छडीवाला शिक्षक. कडक मास्तरला, कडक सासूला, कडक साहेबाला हिटलर म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. पुढे २०११ मध्ये 'हिटलर दीदी' नावाची हिंदी मालिका घरोघर पाहिली गेली. २०१२ मध्ये अहमदाबादेत 'हिटलर' नावाचे कपड्यांचे दुकान निघाले, तेव्हा मालकांनी खुलासा केला की, आमच्यापैकी एकाचे आजोबा फार कडक होते, त्यांना सगळे हिटलर म्हणत, म्हणून हे नाव. हा खुलासा खोटाच असेल असे आम्हाला वाटत नाही. बहुतेक पाट्या द्वेषातून लागत नाहीत, त्या बेफिकिरीतून लागतात. पण बेफिकिरीने लावलेली पाटीसुद्धा कुणाला तरी लागतेच.

खारघरच्या त्या प्रकरणाकडे आज मागे वळून पाहताना आमच्या मनात एकच प्रश्न येतो. हॉटेल उघडण्यापूर्वी किती तरी लोकांनी ते नाव वाचले असेल. पाटी रंगवणारा, वीज जोडणारा, आमंत्रणपत्रिका छापणारा, उद्घाटनाला आलेले पाहुणे. त्यांच्यापैकी एकाने जरी मालकाला बाजूला घेऊन "हे नाव बरे नव्हे" असे म्हटले असते, तर पुढचे सारे टळले असते. जे बोलले ते शेवटी ज्यूच बोलले. ज्यांचे रक्ताचे नातेवाईक छळछावण्यांत जाळले गेले त्या लोकांच्या वतीने बोलण्याची पाळी त्यांच्याच मूठभर धर्मबांधवांवर आली. भारतात ज्यूंची संख्या सारी मिळून पाच हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात इतरांना बोलायला काय हरकत होती? आणि त्या इतरांत आम्ही येत नाही काय?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम आपल्या समाजापुढे ठेवत आहोत. त्याला कारण आहे. आपल्यावर चिखल उडाला की आपण बोलतो. एखाद्या सिनेमात दाढी-टोपीवाला म्हटला की तो बॉम्ब ठेवणारा दाखवतात, एखाद्या सोसायटीत आपल्याला भाड्याने घर नाकारतात, तेव्हा आपण तक्रार करतो, लेख लिहितो, निवेदने देतो. ते रास्तच आहे. पण चिखल दुसऱ्याच्या अंगावर उडालेला असतो, तेव्हा आपली जीभ कुठे जाते?

आमची स्वतःची जीभ कुठे गेली होती, ते आधी सांगतो.

आमच्या गावात, रत्नागिरीत, काही वर्षांपूर्वी एक आइसक्रीमचे दुकान निघाले. मालक आपल्याच समाजातले, सज्जन, हात सढळ. शाळेच्या गॅदरिंगला त्यांची देणगी ठरलेली. दुकानाच्या आतल्या भिंतीवर पेंटरकडून त्यांनी दोन चित्रे काढून घेतली होती. एका बाजूला सोनेरी केसांची गोरीपान मुलगी, हातात व्हॅनिलाचा कोन. दुसऱ्या बाजूला डांबरासारखा काळा माणूस, जाडजूड लाल ओठ, केसांत खोचलेले हाड, कमरेला गवताचा घागरा, आणि हातात चॉकलेटचा कोन. खाली काही लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती. मुलांनी त्या चित्राला लगेच नाव दिले, 'हबशी'.

त्या वर्षी आमच्या सातवीच्या मुलांनी तालुक्यात वक्तृत्वाचे बक्षीस मिळवले. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून मुलांना आइसक्रीम खायला नेले. सगळी मुले धावत आत शिरली. एक मुलगा मात्र पायरीवरच थांबला. वर्गातला सर्वांत सावळा मुलगा. आम्ही आत बोलावले तर म्हणाला, "सर, माझा घसा दुखतोय." आम्ही म्हटले, बरे, राहू दे. मग आतल्या मुलांना त्या भिंतीपुढे उभे करून आम्ही मोबाइलवर फोटो काढला. फोटोत मागे तो लाल ओठांचा माणूस आहे आणि पुढे आमची मुले हसत आहेत. दारातला मुलगा फोटोत नाही.

त्याचा घसा दुखत नव्हता, हे आम्हाला पुढे महिन्याभराने कळले. दुकान निघाल्यापासून वर्गात त्याला त्या चित्राच्याच नावाने हाक मारत होते. मधल्या सुट्टीत एका मुलाने फळ्यावर खडूने जाड ओठ काढले आणि खाली त्याचे नाव लिहिले. तो फळा आम्हीच पुसला. मुलांना रागावलो, तासभर नसीहत केली. पण ती मुले तो धडा जिथून शिकली होती त्या दुकानात आम्ही गेलो नाही. मालक ओळखीचे, देणगी देणारे, वयाने मोठे. उगाच कशाला वाईटपणा घ्यायचा, असे मनाला समजावले. मुलांना बोलणे सोपे असते, मुले उलट बोलत नाहीत.

दोष चित्र काढणाऱ्याचा होता, लावणाऱ्याचा होता, हे खरे. पण आमचाही होता. आमच्या लेखी हा दोष जास्त, कारण आम्हाला कळत होते.

'हबशी' हा शब्दच घ्या. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा मुसलमानांची पहिली हिजरत मदीनेला नव्हे, त्याआधी हबशला झाली. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, त्या निर्वासितांना आसरा दिला आणि परत मागायला आलेल्या कुरैशांच्या वकिलांना रिकाम्या हाताने पाठवले. पहिली अजान देणारे हजरत बिलाल हबशीच. आपल्या दख्खनच्या इतिहासात निजामशाहीचा डोलारा सांभाळणारा, १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर हबशीच. आमच्या कोकण किनाऱ्यावर मुरूडजवळ जंजिरा आहे, तिथल्या सिद्दींचे मूळही आफ्रिकेतच. एवढा मान ज्या शब्दाने घ्यावा, तो शब्द आपल्या घरांत आपण कशासाठी वापरतो? मूल सावळे जन्मले की दाई-आजी लाडाने म्हणते, "अगो, हा तर हबशी!" तिथूनच सुरुवात होते. मग लग्नाच्या वेळी मुलगी पाहताना "रंग उजळ आहे ना?" हा प्रश्न आधी आणि तालीम किती, हा नंतर.

हजरत अबू जर यांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. काही रिवायतींत तो माणूस हजरत बिलाल होते आणि हिणवणे आईच्या काळ्या रंगावरून होते, असे येते. रसूलुल्लाहांनी ते ऐकले तेव्हा गप्प बसून चालवून घेतले नाही. तुझ्यात अजून जाहिलियतीचा अंश उरला आहे, अशा अर्थाचे कडक शब्द सुनावले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अबू जर हे कुणी परके नव्हते. आपले होते, निष्ठावंत होते. आपल्या माणसाची चूक म्हणून ती झाकली गेली नाही, उलट त्याला थेट सांगितली गेली.

हीच गोष्ट दुसऱ्या एका हदीसमध्ये अधिक स्पष्ट आहे. आपल्या भावाला मदत करा, तो जुलूम सोसणारा असो की जुलूम करणारा असो, असे सांगितले गेले. सोबत्यांनी विचारले की, सोसणाऱ्याला मदत करणे समजले, पण करणाऱ्याला कशी करायची? उत्तर मिळाले की, त्याला जुलमापासून रोखा, हीच त्याला मदत. आइसक्रीमवाल्या भाईंना आम्ही त्या दिवशीच हळूच सांगितले असते तर ती त्यांना मदतच झाली असती. आमच्या गप्प बसण्याला आम्ही मुरवत म्हणत होतो. वास्तविक तो आमचा भित्रेपणा होता.

आता कुणी म्हणेल, एका चित्राचे एवढे काय? गंमत आहे. दुकान त्याचे, भिंत त्याची, पैसे त्याचे. ज्याला आवडत नाही त्याने जाऊ नये. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण आपल्याच कोकणी भाईबंदांनी तो फार मोठी किंमत देऊन ऐकला आहे, हे आपण विसरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून किती तरी कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. किराणा मालाची, फळांची दुकाने काढली, मशिदी बांधल्या, गावाकडे पैसे पाठवले. १९४८ पासून तिथे वर्णद्वेषाचे राज्य सुरू झाले. १९५० च्या कायद्याने कुणी कुठे राहायचे ते रंगावरून ठरू लागले. १९५३ च्या कायद्याने बाके, समुद्रकिनारे, पोस्टाच्या खिडक्या, गाड्या, सगळ्यांवर पाट्या आल्या, फक्त गोऱ्यांसाठी. फेब्रुवारी १९६६ मध्ये केपटाऊनची 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही मिश्र वस्ती गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे साठ हजार लोकांना घरे सोडावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेले लोक रंगाप्रमाणे वेगवेगळ्या वस्त्यांत फेकले गेले. आज आपल्या अनेक गावांत असे एक तरी घर सापडेल, ज्याची एक फांदी केपटाऊनमध्ये आहे.

तिथेही पाटी लावणारा हेच म्हणत होता की, दुकान माझे, बाक माझे, तुला नको असेल तर येऊ नको. आणि रोज त्या पाटीखालून ये-जा करणारे हजारो गोरे लोक दुष्ट होते, असे नव्हे. ते फक्त गप्प होते, कारण ती पाटी त्यांच्यासाठी अडचण नव्हती, सोय होती. त्यांच्यातही बोलणारे निघाले. १९५५ मध्ये काही गोऱ्या बायांनी 'ब्लॅक सॅश' ही संघटना काढली. खांद्यावरून काळी पट्टी घेऊन त्या रस्त्याच्या कडेला मुकाट उभ्या राहत. लोक थुंकत, शिव्या देत. त्या बायांना कोणत्याही पाटीने अडवले नव्हते. तरी त्या उभ्या राहिल्या, आणि म्हणूनच त्यांच्या उभे राहण्याला वजन होते.

आमच्या मते बोलण्याच्या जबाबदारीचे मर्म इथे आहे. ज्याला पाटी लागते त्याने बोलले की लोक म्हणतात, हा फारच हळवा, याला गंमत कळत नाही, याची नेहमीचीच रड. ज्याला ती लागत नाही त्याने बोलले की ऐकणाऱ्याला निदान क्षणभर थांबावे लागते. याचा यात काही स्वार्थ नाही, तरी हा का बोलतो आहे, असा विचार त्याला करावा लागतो. शिवाय बोलण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. सातवीतल्या त्या मुलाला दुकानात जाऊन बोलायचे असते तर आधी सगळ्यांसमोर कबूल करावे लागले असते की, होय, लोक मला या चित्रासारखा म्हणतात. आम्हाला असे काही कबूल करायचे नव्हते. आमचे जाणार होते ते एका देणगीदाराचे चार गोड शब्द. म्हणून पहिली जबाबदारी त्याची नव्हती, आमची होती.

इथपर्यंत बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. आता जरा अवघड वाट आहे. खारघरच्या पाटीकडे परत जाऊ.

आमच्या मोहल्ल्यातल्या काही तरुणांच्या मोबाइलवर अलीकडे हिटलरचे फोटो दिसू लागले आहेत. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात हजारो मुले मारली गेली. ते फोटो पाहून कुणाचेही काळीज फाटेल, आमचेही फाटले. त्या संतापात कुणी तरी लिहून पाठवतो की, हिटलर उगाच करत नव्हता. आणि तो निरोप पुढे पाठवला जातो. अशा वेळी खारघरच्या पाटीवर बोलायला गेलो तर आपलेच लोक विचारतील, ज्यूंसाठी आपण का बोलायचे?

याचे सरळ उत्तर द्यायला हवे. फिलिस्तीनच्या माणसांवर जो जुलूम इस्रायलचे सरकार करते त्याविरुद्ध बोलायला हवे, मोठ्याने बोलायला हवे. पण हिटलर हे त्याचे उत्तर नाही. त्याने सुमारे साठ लाख ज्यूंना मारले, त्यांत दूध पिती मुले होती. त्यांचा गाझाशी काय संबंध? त्याने लाखो रोमा लोकांना मारले. या रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच उत्तर भारतातून तिकडे गेलेले. त्याच्या आत्मचरित्रात, जे आपल्याकडे पुस्तकांच्या दुकानांत राजरोस विकले जाते, त्याने भारतीयांच्या स्वातंत्र्याच्या धडपडीची टिंगल केली आहे आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे मत मांडले आहे. टिपू सुलतानच्या वंशातील नूर इनायत खान ही मुलगी त्याच्या विरोधात लढताना पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. त्याच काळात अल्बानियातील मुसलमान घरांनी पळून आलेल्या ज्यूंना आपल्या घरांत लपवले, दिलेला शब्द मोडला नाही. युद्ध संपले तेव्हा त्या देशात युद्धापूर्वीपेक्षा जास्त ज्यू जिवंत होते. आपला वारसा हा आहे. मोबाइलवरचा तो फोटो आपला वारसा नाही.

आणि ज्यू म्हणजे तरी कोण? आमच्या कोकणापुरते बोलायचे तर बेने इस्राएल. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. ती माणसे इथेच राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावावरून, पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. त्यांची भाषा मराठी. कीर्तनेसुद्धा त्यांनी मराठीत रचली. अभिनेता डेव्हिड, कवी निसीम इझिकेल, स्त्रियांच्या डॉक्टर म्हणून नावाजलेल्या जेरुशा झिराड ही याच समाजाची माणसे. मुंबईत त्यांनी आणि बगदादी ज्यूंनी काढलेल्या शाळांमधून, माझगावची कदूरी शाळा असो की भायखळ्याची जेकब ससून शाळा असो, पुढे मोठ्या संख्येने शिकली ती आपली, मुसलमानांची मुले. शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ज्यांनी बांधलेल्या वर्गांत आपली मुले अक्षरे गिरवतात, त्यांच्या जखमेवर बाजारात कुणी मीठ चोळत असेल तर आपण काय करायचे, हे सांगायला कोणत्या फतव्याची गरज आहे?

हे सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. रंगाचा रोग कोणत्याही एका जमातीचा नसतो. बेने इस्राएलांतच पूर्वी गोरे आणि काळे असा भेद पाळला जाई, रोटीबेटीचे व्यवहार वेगळे असत. तेच लोक इस्रायलमध्ये गेले तेव्हा १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने, तुम्ही अस्सल ज्यू आहात की नाही ते तपासल्याशिवाय तुमची लग्ने इतर ज्यूंशी लावणार नाही, अशी अट घातली. आपल्या मराठी ज्यूंना त्यासाठी तिथे निदर्शने करावी लागली, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना बरोबरीचे मानण्यात आले. म्हणजे घरात दुसऱ्याला काळा म्हणणारा दाराबाहेर पडला की स्वतः काळा ठरतो. रंगाच्या शिडीवर सर्वांत वरची पायरी कुणालाच मिळत नाही. आपण रत्नागिरीत गोरे असू, केपटाऊनमध्ये नव्हतो.

आता बोलायचे ठरले तर बोलावे कसे? वाईट दिसले तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनाने, आणि हा शेवटचा ईमानाचा सर्वांत कमकुवत दर्जा, ही हदीस आपल्या जुम्म्याच्या बयानात वारंवार येते. तरुणांना त्यातले 'हाताने' लगेच आवडते. पण दुसऱ्याच्या दुकानाची काच फोडण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने हात वापरावा. आमच्या हातात वर्गाचा फळा होता, तो आम्ही पुसला. दुकानाची भिंत आमच्या हातात नव्हती, तिथे जीभ होती आणि तीच आम्ही वापरली नाही. आमच्यासारखे बहुतेक सुशिक्षित लोक तिसऱ्या पायरीवरच मुक्काम करतात. मनात वाईट वाटून घेतात आणि ईमान शाबूत आहे म्हणून निश्चिंत झोपतात.

जमावाने जाऊन पाट्या उतरवण्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. त्या रस्त्याने गेल्यावर पाटी उतरते पण माणूस बदलत नाही, आणि उद्या तोच जमाव आपल्या दारात येतो. म्हणून आधी एकट्याने जावे. गिऱ्हाईक नसताना जावे. चूक सांगावी, माणसाला चुकीचा ठरवू नये. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सोबत न्यावे, लेखी द्यावे, तिथे जाणे सोडावे आणि का सोडले ते सांगावे. सभ्यपणे बोलण्याला दुबळेपणा समजू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, ज्यूंच्या नरिमन हाऊसमध्येही माणसे मारली गेली. त्यानंतर मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना तिथे दफन करू देण्यास नकार दिला. घोषणा नाही, दगड नाही. पण त्या एका 'नाही'चा अर्थ साऱ्या जगाला कळला.

पाट्या बदलू शकतात. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या जाहिरातींनी आपल्या दोन पिढ्यांच्या मुलींना शिकवले की काळेपणा म्हणजे नोकरी नाही, नवरा नाही. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर आवाज उठला तेव्हा त्या कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदलल्याने मन बदलले असे आम्ही म्हणत नाही. पण पंचेचाळीस वर्षे जे नाव कुणाला खटकत नाही असे वाटत होते, ते खटकते असे पुरेशा लोकांनी म्हटल्यावर ते टिकले नाही, एवढे खरे.

आइसक्रीमच्या दुकानात आम्ही शेवटी गेलो. उशिरा गेलो, फळ्यावरच्या चित्रानंतर दोन महिन्यांनी. दुपारची वेळ होती, भाई गल्ल्यावर एकटेच होते. आम्ही त्या मुलाचे नाव न घेता सगळी हकिकत सांगितली. ते आधी हसले, म्हणाले, "सर, पेंटरने कुठल्या तरी पुस्तकातून काढले हो ते. पोरांची गंमत." मग थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "वर्ष होत आलं. इतकी माणसं येऊन गेली, तुम्ही पण पोरांना घेऊन आलात, फोटो काढलात. कुणी बोललं नाही कधी. तुम्हीच पहिले."

त्यांच्या या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरेच विचारत होते. आम्हाला उत्तर देता आले नाही.

पावसाळा संपल्यावर त्यांनी दुकान नव्याने रंगवले. आता तिथे दोन्ही चित्रे नाहीत, नुसता पिस्त्याचा रंग आहे. आमच्या बोलण्यामुळे झाले की ओल आल्यामुळे, ते आम्ही विचारले नाही. तो मुलगा मात्र तोपर्यंत शाळा बदलून गेला होता. वडिलांची बदली झाली असे दाखल्याच्या अर्जात लिहिले होते, आणि आम्ही तेच खरे मानतो, कारण दुसरे काही खरे असले तर ते सोसणार नाही. तो फोटो अजून आमच्या मोबाइलमध्ये आहे. पुसून टाकावा असे पुष्कळदा वाटते. पुसत नाही. पुढच्या वेळी एखाद्या दुकानात, एखाद्या सलूनमध्ये, एखाद्या हॉटेलात असे चित्र दिसले आणि बोलावे की न बोलावे अशी चलबिचल झाली, तर उघडून पाहावा म्हणून ठेवला आहे. दारात कुणी थांबले आहे का, ते आता आम्ही आधी पाहतो.